आकाराआधी अस्सलता

दिनांक 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीच्या आकाशवाणी भवनातून भारतातील पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले. आरंभीचे ते प्रयोग आठवड्यातून मोजक्या वेळापुरतेच होते. 1965 साली दैनंदिन सेवा सुरू झाली, 1972 साली मुंबई केंद्र निघाले आणि 1982 साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, पडद्यावर रंग अवतरले. त्या आरंभीच्या काळात थेट दाखविलेला जो कार्यक्रम कोणी मुद्रित करून ठेवला नाही, तो त्या संध्याकाळबरोबरच मावळला. पुढे जे मुद्रित झाले त्यातील फार मोठा भाग चुंबकीय फितीवर झाला. आणि चुंबकीय फीत म्हणजे काही ताम्रपट नव्हे. तिच्यावरील चुंबकीय कणांना धरून ठेवणारे बंधक द्रव्य हवेतील आर्द्रतेने हळूहळू विघटित होते, फीत चिकट होते, आणि ती वाचणाऱ्या बहुतेक यंत्रांचे उत्पादनही आता थांबले आहे. फितींवरील ठेवा यंत्रे शिल्लक आहेत तोवर उतरवून घ्या, असा इशारा युनेस्कोच्या एका उपक्रमाने 2019 साली साऱ्या जगास दिला, तो याच कारणाने.

दिल्ली आणि तिच्या परिसरात असा ठेवा मोठा आहे. दूरदर्शनचा संग्रह आहे. 1953 साली स्थापन झालेल्या संगीत नाटक अकादमीचा ध्वनिचित्रसंग्रह आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रामार्फत चालविला जाणारा राष्ट्रीय सांस्कृतिक ध्वनिचित्र अभिलेखागाराचा प्रकल्प आहे. गुरुग्राम येथे, 1982 साली स्थापन झालेले, लोकसंगीताच्या व शास्त्रीय संगीताच्या मुद्रणांचे संशोधन-केंद्र आहे. अशा सर्व संस्थांपुढे एक प्रश्न समान असतो : फितीवरील चित्र संगणकावर उतरविल्यावर ते कोणत्या रूपात ठेवावे? आणि त्यास बहुधा एकच उत्तर सुचविले जाते : ज्या रूपात फाईल सर्वांत लहान होईल त्या रूपात. हे उत्तर व्यवहारी दिसते. परंतु ते अपुरे आहे, आणि पुष्कळदा घातक आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी थोडे अंकगणित करणे आवश्यक आहे.

चित्राचे आकडे

भारतात रूढ असलेल्या जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीत एका सेकंदास पंचवीस चौकटी दाखविल्या जातात. संगणकीय रूपात प्रत्येक चौकट आडव्या ओळीत 720 आणि उभ्या रांगेत 576, म्हणजे एकूण 4,14,720 चित्रबिंदूंची होते. प्रत्येक बिंदूची तेजस्विता नोंदविली जाते. रंगाच्या दोन घटकांची नोंद मात्र आडव्या दिशेने एकाआड एक बिंदूस केली जाते, कारण मानवी डोळा तेजाच्या मानाने रंगाचे बारकावे कमी टिपतो. अशा रीतीने एका चौकटीत 8,29,440 नमुने होतात. प्रत्येक नमुना दहा बिटांत लिहिला तर एका सेकंदास 20 कोटी 73 लाख 60 हजार बिट लागतात, आणि एका तासास सुमारे 93 गीगाबाईट. हे केवळ चित्र झाले, ध्वनी वेगळा.

घरोघरी डीव्हीडीवर पाहिले जाणारे चित्र याच मापाचे असते, तरी तेथे एक तासाचा कार्यक्रम सुमारे दोन गीगाबाईटमध्ये बसविता येतो. म्हणजे पंचेचाळीस भागांतील चव्वेचाळीस भाग टाकून दिले जातात! ही किमया हानियुक्त संपीडनाची होय. डोळ्यास जाणवणार नाही असे जे जे वाटते ते ते काढून टाकावयाचे, हे त्याचे तत्त्व. पाहण्यापुरते ते उत्तम आहे, आणि त्याच्यावाचून आज घरबसल्या चित्रपट पाहणे शक्यच झाले नसते. परंतु काढून टाकलेले पुन्हा मिळत नाही.

दुसरा मार्ग हानिरहित संपीडनाचा. यात काहीही टाकले जात नाही. केवळ पुनरुक्ती टाळली जाते. पाठशाळेतील विद्यार्थ्यास हे एका उदाहरणाने समजेल. एखाद्या बिंदूचे मूल्य लिहिण्यापूर्वी त्याच्या शेजाऱ्यांवरून त्याचा अंदाज बांधावयाचा. समजा, डावीकडील बिंदूचे मूल्य 100, वरच्याचे 104 आणि वर डावीकडील कोपऱ्यातल्याचे 101 आहे. 100 अधिक 104 उणे 101 म्हणजे 103. आता 100, 103 आणि 104 या तिहींतील मधले मूल्य 103; तोच आपला अंदाज. प्रत्यक्ष मूल्य 103 निघाले तर केवळ शून्य लिहावयाचे. 105 निघाले तर 2. वाचणारे यंत्रही हाच अंदाज याच रीतीने बांधते, त्यामुळे त्यास फरक कळविला की मूळ मूल्य अचूक हाती येते. चित्रात शेजारचे बिंदू बहुधा सारखे असल्याने हे फरक लहान असतात, आणि जे वारंवार येते त्यास आखूड संकेत व जे क्वचित येते त्यास लांब संकेत दिला की जागा वाचते. या विचाराचा गणिती पाया क्लॉड शॅनन यांनी 1948 साली घातला आणि आखूड-लांब संकेतांची एक सुंदर रीत डेव्हिड हफमन यांनी 1952 साली दिली.

तुलना कशी दिसते

हानिरहित पद्धती अनेक आहेत. हफ-वाययूव्ही ही जुन्यांपैकी एक. तिच्या नावातच हफमन आहेत. ती जलद आहे, परंतु हफमनच्या रीतीत प्रत्येक नमुन्यास निदान एक संपूर्ण बिट द्यावाच लागतो. म्हणून आठ बिटांचे नमुने असलेले चित्र संपूर्ण काळे असले तरी त्याची फाईल मूळच्या आठव्या हिश्श्याखाली जात नाही. लॅगरिथ ही पद्धती अंकगणिती सांकेतीकरण वापरते. त्यात एका नमुन्यास बिटाचा अंशही देता येतो. मिखाएल नीडरमायर यांनी रचलेली आणि 2003 सालापासून एफएफएमपेग या मुक्त संगणकप्रणालीत असलेली एफएफव्ही-1 ही पद्धती याच जातीची रीत वापरते आणि शिवाय आसपासच्या बिंदूंचा रागरंग पाहून आपला अंदाज बदलत जाते. जेपेग 2000 चे हानिरहित रूप तरंगिकांच्या गणितावर उभे आहे. एच.264 या पद्धतीचेही हानिरहित रूप आहे; ते मागच्या-पुढच्या चौकटींचाही आधार घेते.

यांच्या फाईलींचे आकार मांडून पाहिले असता एक गोष्ट ध्यानी येते. हफ-वाययूव्हीची फाईल सामान्यतः मोठी, एफएफव्ही-1 ची तिच्याहून लहान; स्थिर दृश्यांत किंवा व्यंगचलच्चित्रांत चौकटींचा परस्परसंबंध वापरणारी पद्धती आणखी लहान. परंतु हे अंतर हिश्श्यांचे असते, पटींचे नव्हे. चांगल्या हानिरहित पद्धतीने साधारण दूरचित्रवाणी चित्र ढोबळमानाने निम्म्यावर येते. कोणतीही पद्धती त्यास पंचेचाळिसाव्या हिश्श्यावर आणीत नाही, आणि आणणारही नाही. सर्व फाईली लहान करणारी हानिरहित पद्धती असूच शकत नाही, हे साध्या मोजणीने सिद्ध होते : तीन बिटांचे निरनिराळे संदेश आठ आहेत, तीनहून कमी बिटांचे संदेश, अगदी रिकामा धरूनही, सातच भरतात. आठ पाहुण्यांस सात खोल्या दिल्या तर कोणी तरी दोघे एकाच खोलीत राहणार, आणि मग कोण कोण ते ओळखता येणार नाही.

आणखी एक विलक्षण गोष्ट म्हणजे फीत जितकी जुनी व खराब, तितकी तिची हानिरहित फाईल मोठी होते. कारण पडद्यावर मुंग्यांसारखे वळवळणारे जे कण दिसतात त्यांना शेजार-पाजार नसतो. त्यांचा अंदाज बांधता येत नाही. स्टुडिओत उजळ प्रकाशात घेतलेली मुलाखत आणि एखाद्या गावच्या जत्रेत कंदिलाच्या उजेडात टिपलेले लोकनाट्य यांची तुलना करून ‘अमुक पद्धती इतके टक्के वाचविते’ असे सांगणे म्हणूनच अर्थहीन होय. कोणत्या फितीवर, हे सांगितल्यावाचून टक्केवारीला अर्थ नाही.

खोटी तुलना

येथपर्यंतचा घोटाळा अज्ञानाचा. याहून गंभीर घोटाळा निराळाच आहे, आणि त्याविषयी सावध करणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

वर सांगितलेल्या चौकटीत दहा बिटांचे 8,29,440 नमुने, म्हणजे 82,94,400 बिट होते. आता समजा, संपीडनापूर्वीच एखाद्या प्रणालीने रंगाच्या नमुन्यांची प्रत्येक दुसरी ओळ वगळली. नमुने उरले 6,22,080. नंतर तिने दहा बिटांऐवजी आठच बिट ठेविले. बिट उरले 49,76,640. म्हणजे शंभरातील चाळीस भाग संपीडन सुरू होण्याच्या आधीच नाहीसे झाले! यापुढे वापरलेली पद्धती खरोखर हानिरहित असली तरी ती जे हानीवाचून जपते ते आधीच हानी झालेले चित्र असते. आणि कागदावर मात्र लिहिले जाते : ‘हानिरहित, चाळीस टक्के लहान.’ या वाक्यात पद्धतीविषयी असत्य काहीच नाही. परंतु संपूर्ण वाक्य दिशाभूल करणारे आहे.

हे पुष्कळदा जाणूनबुजून होत नाही. संगणकप्रणालीतील मूळची मांडणीच तशी असते आणि ती कोणी तपासून पाहत नाही. म्हणून फाईलींच्या आकारांची तुलना करण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न ‘कोणती लहान?’ हा नसून ‘दोहोंत तेच चित्र आहे काय?’ हा होय. वाण्याच्या दुकानात दोन पिशव्यांचे वजन करण्यापूर्वी दोहोंत तांदूळच आहेत ना, हे आपण पाहतो. तितकाच हा साधा विवेक आहे.

आणि याचे उत्तर मताने नव्हे, प्रयोगाने मिळते. मूळ चित्रातील प्रत्येक चौकटीचा एक गणिती ठसा काढावयाचा. संपीडित फाईल उलगडून तिच्या प्रत्येक चौकटीचा तसाच ठसा काढावयाचा. दोन याद्या ओळीस ओळ लावून पाहावयाच्या. एक बिट जरी बदलला तरी ठसा बदलतो. याद्या जुळल्या तर पद्धती त्या फितीपुरती हानिरहित ठरली. न जुळल्या तर जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, ती ठरली नाही. ही तपासणी मुक्त प्रणालींनी, कवडीही खर्च न करता, कोणत्याही शाळेच्या संगणकावर करता येते.

गेलेले परत येत नाही

‘डोळ्यास न दिसणारे गेले तर बिघडले काय?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर 1969 सालच्या चंद्रावतरणाने दिलेले आहे. चंद्रावरील कॅमेऱ्याचे चित्र सेकंदास दहा चौकटींचे होते आणि ते घरोघरच्या दूरचित्रवाणीस जुळत नव्हते. म्हणून पृथ्वीवरील केंद्रांत ते एका पडद्यावर दाखवून त्याच्यासमोर दुसरा कॅमेरा लावून रूपांतरित करण्यात आले. जगाने पाहिले ते हे दुय्यम, अंधुक चित्र. मूळ संकेत वेगळ्या फितींवर मुद्रित होते. पुढे त्यांचा शोध घेण्यात आला तेव्हा, त्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने 2009 साली जाहीर केला. त्या काळी दुय्यम प्रत पुरेशी वाटली होती. आज संगणकाने मूळ चित्र किती उजळविता आले असते, याची केवळ कल्पनाच करावी लागते. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही 1960 व 1970 च्या दशकांत कितीतरी फिती जागेच्या व खर्चाच्या विचाराने पुसून पुन्हा वापरल्या, आणि नंतर त्याच कार्यक्रमांचा जगभर शोध सुरू केला.

आपल्याकडील एखाद्या जुन्या मुद्रणात तबलजीच्या बोटांची हालचाल, कीर्तनकाराच्या मुद्रा, एखाद्या लोप पावलेल्या वाद्याची बांधणी टिपलेली असते. हानियुक्त संपीडन नेमके जलद हालचालीतले आणि अंधुक पोतातले बारकावे प्रथम सोडते. उद्याच्या अभ्यासकास काय पाहावयाचे असेल, हे आज आपण ठरवू शकत नाही. म्हणूनच त्याच्या वाट्याचे टाकून देण्याचा अधिकारही आपणांस नाही.

खर्चाचा आक्षेप

आक्षेपकाचे म्हणणे मात्र प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. समजा, एखाद्या संस्थेकडे दहा हजार तासांच्या फिती आहेत. संपीडनाविना त्यांस सुमारे 933 टेराबाईट लागतील. संगणकीय साठवणीच्या एलटीओ-9 जातीच्या एका फीतपेटीत 18 टेराबाईट मावतात. म्हणजे 52 पेट्या. हानिरहित रूपात निम्मे धरले तर 26. डीव्हीडीसारख्या हानियुक्त रूपात केवळ 2. सव्वीस आणि दोन यांतील निवड करताना गरीब संस्थेने दोनकडे झुकावे, हे समजण्यासारखे आहे.

परंतु हिशेब येथेच थांबत नाही. एक तासाची फीत उतरवावयास एक तास लागतोच. त्यात घाई चालत नाही. रोज आठ तास चालणाऱ्या एका यंत्रास दहा हजार तासांसाठी 1,250 दिवस, म्हणजे सुट्या वगळता चार वर्षांहून अधिक काळ लागेल. कुशल तंत्रज्ञाचे वेतन, जुन्या यंत्रांची दुरुस्ती, फितींची सफाई, नोंदींचे लेखन हा खर्च फाईल लहान असो वा मोठी, तितकाच राहतो. एवढा प्रपंच करून शेवटी चोवीस पेट्यांच्या किमतीसाठी चित्राचा गाभा टाकावयाचा, ही काटकसर नव्हे. शिवाय नाजूक फीत पुन्हा एकदा यंत्रावर चढेलच, याची शाश्वती नसते.

उलट, हानिरहित संपीडनाने जी निम्मी जागा वाचते तिचा खरा उपयोग दुसऱ्या प्रतीसाठी करावा. असंपीडित एका प्रतीच्या 52 पेट्यांतच हानिरहित दोन प्रती बसतात. आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवता येते. दिल्लीत 26 एप्रिल 2016 रोजी मंडी हाउस येथील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत जळाले. पुण्यात 2003 च्या जानेवारीत लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या. जुलै 2023 मध्ये यमुनेची पातळी दिल्लीत 208.66 मीटरपर्यंत चढली आणि पाणी लाल किल्ल्याच्या परिसरापर्यंत आले. एकाच इमारतीतील एकुलती एक प्रत कोणत्याही पद्धतीने संपीडित केली तरी आगीपासून वाचत नाही.

येथे एक मर्यादाही सांगावयास हवी. ज्या फितीवर मुळातच हानियुक्त अंकीय मुद्रण आहे, उदाहरणार्थ डीव्ही कॅसेट, तिच्यातील मूळ बिट जसेच्या तसे उतरवून ठेवावेत. एक तासास सुमारे तेरा गीगाबाईट पुरतात. त्यांस उलगडून हानिरहित रूपात घातल्यास फाईल कित्येक पटींनी फुगते आणि गेलेला बारकावा तर परत येतच नाही. आमचा आग्रह मोठ्या फाईलींचा नाही. जे हाती आले ते संपूर्ण पुढे देण्याचा आहे.

मग निवड कशाने करावी

हानिरहित पद्धतींतील आकाराचे अंतर हिश्श्यांचेच असेल, तर निवड अन्य गुणांवर करावी, हे ओघानेच येते. पहिला गुण असा की पद्धतीचा संपूर्ण विनिर्देश सर्वांस खुला असावा, म्हणजे ती रचणारी मंडळी उद्या नसली तरी कोणीही अभियंता तो वाचून फाईल उलगडणारे यंत्र बनवू शकेल. एफएफव्ही-1 चा असा विनिर्देश आंतरराष्ट्रीय मानक-मंडळाने 2021 साली प्रसिद्ध केला असून, चित्र व ध्वनी एकत्र बांधणाऱ्या मात्रोस्का या वेष्टनाचा 2024 साली. जेपेग 2000 हेही प्रस्थापित मानक आहे. दुसरा गुण, प्रत्येक चौकट स्वतंत्र असावी, म्हणजे एका जागी बिघाड झाला तर तो पुढे पसरत नाही. तिसरा, फाईल बिघडल्यास ती स्वतःच तसे सांगू शकावी. एफएफव्ही-1 मध्ये चौकटीच्या प्रत्येक तुकड्यास पडताळा-अंक जोडण्याची सोय आहे, ती याचसाठी. दहा टक्के जागा अधिक लागली तरी या गुणांची किंमत त्याहून मोठी आहे.

म्हणून सार्वजनिक पैशाने फिती उतरविणाऱ्या प्रत्येक संस्थेने कंत्राटाच्या अटींत तीन गोष्टी लिहाव्यात, असे आम्ही सुचवितो : मूळ प्रत हानिरहित व खुल्या पद्धतीत द्यावी, प्रत्येक चौकटीच्या ठशांची यादी सोबत द्यावी, आणि दुसरी प्रत दुसऱ्या नगरात जमा करावी. पाहण्यासाठी लहान, हानियुक्त प्रती हव्या तितक्या काढाव्यात. दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आज जालावर पाहावयास मिळतात ते अशाच प्रतींमुळे, आणि त्यात लोकांचे हितच आहे. परंतु त्या प्रतीस मूळ समजून मूळ टाकून देऊ नये.

शाळांतील विद्यार्थ्यांनी यातील काहीच केवळ शब्दावर मानू नये. आपल्या भ्रमणध्वनीवर एक मिनिटाचे चित्रण करावे, ते दोन-तीन हानिरहित पद्धतींत घालावे, आकार वहीत लिहावेत आणि चौकटींचे ठसे ताडून पाहावेत. फाईल लहान न होता उलट मोठी झालेली पाहून प्रथम आश्चर्य वाटेल. भ्रमणध्वनीने पुष्कळसे आधीच टाकून दिले होते, हे त्याचे कारण. मग तोच प्रयोग आपल्या वाचनालयात किंवा घरात पडून असलेल्या एखाद्या जुन्या कॅसेटविषयी मनात करून पाहावा, आणि ती वाचणारे यंत्र गावात अजून कोणाकडे आहे काय, याची चौकशी त्याच आठवड्यात करावी.